हात दाखवा, आगगाडी थांबवा!

हात दाखवून एसटी थांबवलेली तुम्ही पाहिली असेल. पण आगगाडी? इंग्लंडमध्ये नॉरविच-ग्रेट यार्मथ मार्गावर बर्नी आर्म्स नावाचं चिमुकलं स्टेशन आहे. चहूकडे दलदलीची कुरणं आणि एक उंच पवनचक्की. मोटार येईल असा रस्ताच नाही.

मग इथे स्टेशन कशाला? जमीनमालक थॉमस ट्रेंच बर्नी यांनी रेल्वेला जमीन दिली, ती कायमचं स्टेशन हवं या अटीवर. कंपनीनं स्टेशन बांधलं आणि थोड्याच वर्षांत गाड्या थांबवणं बंद केलं! म्हणे, करारात स्टेशन आहे, थांबायचं कुठे लिहिलंय? काय हे वकिली डोकं! भांडण बरंच पेटलं, तेव्हा कुठे गाड्या पुन्हा थांबू लागल्या.

आज तो विनंती थांबा आहे. उतरायचं असेल तर गार्डला आधी सांगायचं. चढायचं असेल तर फलाटावर नीट दिसेल असं उभं राहून ड्रायव्हरला हात दाखवायचा, तोही वेळेत. आगगाडी काही एसटीसारखी कचकन थांबत नाही. या बाजूनं गाड्या मोजक्याच. हात दाखवायचा राहिला, तर बसा तासन्‌तास बगळे मोजत!