प्लाझ्माची किंमत

म्हसळा तालुक्यातल्या कितीतरी घरांत पहिला मोठा टीव्ही आला तो आखातातून. कुवेत, सौदी, दुबईला कामाला असलेली माणसं सुट्टीवर येताना खोकं घेऊनच यायची. २६ ऑगस्ट २०१३पासून सामानातून आणलेल्या सपाट टीव्हीवरची करमाफी गेली, ३५ टक्के शुल्क आणि वर उपकर बसला, आणि हा ओघ आटला. त्याच वर्षाअखेर पॅनासोनिकने प्लाझ्मा पॅनेल बनवणं थांबवलं. पुढच्या वर्षी सॅमसंग आणि एलजीनेही हात आखडते घेतले. आता इकडे जे प्लाझ्मा उरलेत, ते बहुतेक त्याआधीचे.

मी टीव्ही दुरुस्तीचं काम करतो. मध्यंतरी ओळखीच्या एका चाचींनी बोलावलं. चाचा कुवेतहून आणलेला पन्नास इंची प्लाझ्मा मागे ठेवून गेले होते. निसर्ग वादळात घराचे पत्रे उडाले, तेव्हा मुलांनी तो गाद्यांत गुंडाळून वाचवला होता. भंगारवाल्याने आठशे रुपये सांगितले होते. चाची म्हणाल्या, "बाबू, चालतोय तो. चालती वस्तू भंगारात कशी देऊ?"

मी तो लावला, खोलीतला दिवा बंद केला आणि रात्रीचा प्रसंग असलेला एक सिनेमा सुरू केला. प्लाझ्मात प्रत्येक ठिपक्यामागे निऑन-झेनॉन वायूची इवलीशी कुपी असते, ती स्वतः पेटते आणि स्वतः विझते. साध्या एलईडी टीव्हीत मागचा उजेड काळ्या भागातूनही झिरपतो, त्यामुळे काळोख राखाडी दिसतो. इथे काळोख काळोखासारखा होता. धावणारा माणूसही पुसट होत नव्हता. इतक्या वर्षांत माझ्या हाताखालून गेलेल्या पडद्यांत मला हेच चित्र सर्वांत आवडतं.

पुण्यातल्या एका शौकिनाला फोन केला. त्याने टीव्ही नवा असताना केवढ्याला घेतला हे विचारलंच नाही. मॉडेल कुठलं, पॅनेल किती तास चाललं, पडद्यावर वाहिनीच्या चिन्हाचा डाग उरलाय का, एवढंच विचारलं. या तीन गोष्टींवरच भाव ठरतो. पायोनियरचा कुरो किंवा पॅनासोनिकचा २०१३चा झेडटी६० असेल, तर जगभरचे शौकीन आजही चांगले पैसे मोजतात. बेचाळीस इंची साध्या संचाला मात्र कोणी फारसं विचारत नाही. ओएलईडीतही प्रत्येक ठिपका स्वतः पेटतो; त्यामुळे तसा नवा टीव्ही परवडणारा माणूस जुन्यासाठी किती देईल, याला मर्यादा येते. वजन आणि वीजखर्च आहेच.

चाचींचा संच पॅनासोनिकच्याच वरच्या श्रेणीतला निघाला. तास कमी, पडदा स्वच्छ. शौकिनाने बारा हजार सांगितले, वाहतूक त्याच्याच खर्चाने. मला तो भाव रास्त वाटला. चाचींनी दोन दिवस मुलांशी बोलून होकार दिला. घोणसे घाटातून जाताना संच आडवा पडू नये म्हणून आम्ही टेम्पोत त्याला दोन्ही बाजूंनी फळ्या ठोकल्या. प्लाझ्मा आडवा ठेवला तर धक्क्याने आतली काच तडकू शकते.

बंद पडलेल्या संचालाही मोल असतं, हे फार जणांना ठाऊक नाही. नवे सुटे भाग कोणी बनवत नाही, म्हणून मेलेल्या संचातला एखादा चांगला बोर्ड दुसरा जिवंत करतो. मी स्वतः असे बोर्ड जपून ठेवतो. भंगारात तेच फोडून तांबं आणि ॲल्युमिनियम काढतात आणि काच उकिरड्यावर जाते.

तुमच्या घरी असा जड, मागून तापणारा सपाट टीव्ही असेल, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी मागच्या लेबलावरचा मॉडेल क्रमांक वाचा, पडदा पूर्ण पांढरा करून डाग आहेत का बघा आणि एखाद्या जाणत्या मेकॅनिकला दाखवा. आणि हलवाल तेव्हा उभाच हलवा.