त्या स्टुलावर कोण बसत होते?

अमेरिकेत जुन्या काळाची नक्कल करणारी हॉटेले पुष्कळ आहेत. त्यांना तिकडे ‘डायनर’ म्हणतात. काळ बहुधा ठरलेला, 1950 च्या आसपासचा. काळ्यापांढऱ्या चौकटींची फरशी, चकचकीत पत्रा, लांब काउंटर, लाल गादीची गोल स्टुले, गाणी वाजवणारा ज्यूकबॉक्स आणि उंच पेल्यात मिल्कशेक. ‘जॉनी रॉकेट्स’ हे असेच हॉटेल 1986 साली लॉस एंजेलिसला निघाले.

यावरून आमच्या घरात वाद झाला. मुलांचे म्हणणे, नक्कल करायची तर हुबेहूब करावी. ज्यूकबॉक्सच्या पोटात आजचे यंत्र बसवणे ही फसवणूक आहे. आम्हाला यंत्राचे काही वाटत नाही. दरही आजचेच राहणार. आमचा प्रश्न वेगळा आहे. त्या काळी त्या स्टुलावर बसण्याचा अधिकार कोणाला होता?

दक्षिणेकडील राज्यांत तो काळ्या माणसाला नव्हता. 1 फेब्रुवारी 1960 रोजी ग्रीन्सबोरो गावी एझेल ब्लेअर, फ्रँकलिन मॅकेन, जोसेफ मॅकनील आणि डेव्हिड रिचमंड हे चार काळे विद्यार्थी वुलवर्थच्या दुकानात गेले. किरकोळ वस्तू घेतल्या, त्याचे पैसे दुकानाने घेतले. मग ते काउंटरवर बसले व कॉफी मागितली. ती मिळाली नाही. दुकान बंद होईपर्यंत चौघे बसून राहिले. दुसऱ्या दिवशी आणखी विद्यार्थी आले. 25 जुलैला काउंटर खुला झाला आणि पहिल्यांदा वाढले गेले ते दुकानातल्याच काळ्या कामगारांना. पुढे 1964 च्या नागरी हक्क कायद्याने असा भेदभाव देशभर बेकायदेशीर ठरला.

वाचकहो, हे आपल्याला फोडून सांगावे लागत नाही. आमच्या वडिलांना गावच्या हॉटेलात चहा मिळे तो बाहेर बसून, वेगळ्या कपात. कप स्वतःच विसळून ठेवावा लागे. म्हणून ‘जुने दिवस किती छान होते’ असे म्हणताना आमची जीभ अडखळते.

मग नक्कल किती खरी असावी? मनाईची पाटी शोभेसाठी टांगू नये, तो दुःखाचा बाजार होईल. पण स्टूल त्या काळचे ठेवले, तर भिंतीवर त्या चौघांचा फोटोही असावा. वुलवर्थच्या त्या इमारतीत 2010 पासून नागरी हक्कांचे संग्रहालय आहे. पण संग्रहालयात सगळेच जात नाहीत, हॉटेलात मात्र जातात. मिल्कशेक पिताना एखादे पोर विचारील, “हे कोण?” तेव्हा बापाला उत्तर देता आले पाहिजे.