मनगट काय सांगते?

घड्याळाचा पट्टा किती सैल असावा, हा प्रश्न आरोग्यविषयक पाक्षिकात कशासाठी, असे आपल्यापैकी अनेकांना वाटेल. परंतु सामान्य डॉक्टरचा हात दिवसभरात सर्वाधिक वेळा कुठे जात असेल, तर तो रुग्णाच्या मनगटावर. नाडी पाहायची म्हणजे घड्याळ किंवा बांगड्या किंचित वर सरकवाव्या लागतात. त्या किती सहज सरकतात, कुठे अडतात, खाली त्वचेवर वळ उमटला आहे का, याची नोंद मन आपोआप घेत असते. ‘हल्ली बांगड्या सैल झाल्या’ असे एखादी आजी सहज बोलून जाते, तेव्हा मी तिला वजनकाट्यावर उभी करतो. मनगटावर फारशी चरबी नसते, मांसही बेताचेच असते. तेथे हाड, स्नायूंच्या दोऱ्या आणि त्वचा एकमेकांना खेटून असतात. म्हणून तेथे झालेला थोडासा बदलही अंगावरच्या वस्तूला लगेच कळतो. गेल्या वर्षी हे मला माझ्याच घरात, एका नव्या घड्याळाच्या निमित्ताने अनुभवता आले.

माझे वडील, आम्ही सारे त्यांना आबा म्हणतो, त्र्याऐंशी वर्षांचे निवृत्त शिक्षक आहेत. त्यांच्या हातावर अनेक वर्षे कातडी पट्ट्याचे एचएमटीचे घड्याळ होते. एचएमटीने 1961 साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूरला घड्याळे बनवायला आरंभ केला आणि पुढे आबांच्या पिढीतील असंख्य नोकरदारांच्या मनगटावर तीच घड्याळे दिसू लागली. ते रोज सकाळी चावी देऊन चालवावे लागे. संधिवाताने आबांची बोटे आखडली आणि ती बारीक चावी फिरवणे त्यांना जड जाऊ लागले. दिवाळीत माझ्या मुलीने आजोबांसाठी सेइकोचे, उजेडावर चालणारे, पाणबुड्यांच्या वापराचे घड्याळ आणले.

“मी आता पंचगंगेत कुठं बुडी मारणार आहे गं?” आबांनी हसून विचारले. तरुणपणी ते पंचगंगेच्या घाटावरून उड्या टाकणाऱ्यांपैकी होते.

“बुडी नका मारू आजोबा. रात्री उठल्यावर वेळ तरी दिसेल की!” नातीने उत्तर दिले.

तिचे म्हणणे खरे होते. पाणबुड्यांची घड्याळे गढूळ पाण्यात आणि काळोखात वाचता यावीत, अशीच घडवलेली असतात. सेइकोने असे पहिले घड्याळ 1965 साली काढले. ते 150 मीटर खोलीपर्यंतच्या पाण्यासाठी होते. या घड्याळांचे एक आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे. त्यानुसार घड्याळ किमान 100 मीटर खोलीचा दाब सोसणारे हवे आणि अंधारात 25 सेंटिमीटरवरून वेळ वाचता आली पाहिजे. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या आणि रात्री दोन-तीनदा लघवीला उठावे लागणाऱ्या माणसाला याहून सोयीचे काय असणार? दिवा लावायला नको, चष्मा शोधायला नको. तबकडीभोवतीची फिरती कडाही आबांनी लगेच कामाला लावली. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी घेतल्यावर किमान अर्धा तास चहा घ्यायचा नसतो. गोळी घेतली की ते कडेवरचा त्रिकोण मिनिटकाट्यासमोर आणतात आणि काटा तेथून तीसच्या खुणेवर पोहोचला की स्वयंपाकघरात हाक जाते. ही कडा एकाच दिशेने फिरते. चुकून धक्का लागला, तर पाण्याखाली गेलेला वेळ प्रत्यक्षाहून जास्तच दिसावा आणि पाणबुड्याने लवकर वर यावे, हा त्यामागचा हेतू. चहाच्या बाबतीत मात्र ही चूक उलट्या बाजूला पडते, हे मी आबांच्या ध्यानात आणून दिले आहे.

अडचण होती ती पट्ट्याची. स्टीलचा जड पट्टा आबांच्या हातात पार कोपराकडे जाई. म्हणून नोव्हेंबरमधील एका सायंकाळी मी त्यांना महाद्वार रोडजवळच्या एका जुन्या घड्याळजींकडे घेऊन गेलो. शेजारीच गुजरी. तेथे दागिन्यांच्या कड्या जोडण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या चालते; थोड्या अंतरावरची हुपरी तर चांदीच्या पैंजणांसाठीच ओळखली जाते. स्टीलचा पट्टा हाही अखेर कड्यांचाच दागिना. घड्याळजींनी भिंग डोळ्याला लावले, पट्टा उलटा केला आणि आतल्या बाजूचे बारीक बाण आम्हाला दाखवले. पिन बाणाच्या दिशेने ढकलून काढायची आणि बसवताना उलट दिशेने आत घालायची. पिनेभोवती तांदळाच्या कणीएवढी एक नळी असते. ती पडली आणि हरवली तर पिन पुढे टिकत नाही. कड्या दोन्ही बाजूंनी सारख्या काढल्या, तर पट्ट्याचे कुलूप मनगटाच्या मधोमध बसते. हे काम घरी सुईने करू पाहणाऱ्यांनी निदान त्या नळीसाठी तरी ते घड्याळजींवर सोपवावे.

दोन्ही बाजूंच्या दोन-दोन कड्या काढून झाल्यावर घड्याळजींनी आबांना विचारले, “आजोबा, संध्याकाळी हात जड होतो का? अंगठी घट्ट होते?” मला त्या प्रश्नाचे कौतुक वाटले. आबा हो म्हणाले. तेव्हा त्यांनी आणखी एक कडी काढण्याचा विचार सोडला आणि कुलपाच्या कडेची जी छिद्रे असतात, त्यांतील मधल्या छिद्रात पट्टा बसवला. म्हणजे पुढेमागे दोन्हीकडे वाव राहिला. काढलेल्या चार कड्या कागदाच्या पुडीत बांधून त्यांनी आमच्या हाती दिल्या आणि जपून ठेवायला सांगितले.

शरीराचा घेर स्थिर नसतो, हे पाणबुड्यांची घड्याळे करणाऱ्यांना फार पूर्वी उमगले होते. समुद्रात दर दहा मीटर खोलीला वातावरणाच्या दाबाइतका दाब वाढतो. त्या दाबाने पाणबुड्याचा रबरी पोशाख चेपतो आणि त्यावर बांधलेला पट्टा सैल पडतो. म्हणून सेइकोने 1975 साली 600 मीटरच्या घड्याळासाठी हार्मोनियमच्या भात्यासारख्या घड्या असलेला रबरी पट्टा काढला. तो आपोआप ताणतो आणि आपोआप आवळतो. आपण समुद्रात जात नसलो, तरी आपले मनगटही दिवसभर असेच कमीजास्त होत असते. उन्हाळ्यात त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात, हात थोडे फुगतात. थंडीत ते आक्रसतात. खारट लोणचे-पापड, दूरच्या प्रवासात हात खाली सोडून बसणे, काही औषधे, मूत्रपिंडाचे किंवा हृदयाचे विकार यांनीही सूज येते. म्हणून पट्ट्याचे माप घ्यायचे ते सायंकाळी, सकाळी नव्हे. पट्ट्याखालून करंगळी सहज गेली पाहिजे आणि घड्याळ मनगटाच्या करंगळीकडील हाडाच्या उंचवट्यावर न घासता त्याच्या थोडे वर, कोपराच्या बाजूला बसले पाहिजे.

घट्ट पट्टा ही किरकोळ बाब नाही. मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला त्वचेच्या लगेच खाली एक संवेदनावाहक नस जाते. ती सतत दाबली गेली, तर अंगठ्याच्या मागे आणि हाताच्या पाठीवर मुंग्या येतात, जळजळ होते. रॉबर्ट वॉर्टेनबर्ग या चेताविकारतज्ज्ञाने 1932 साली या दुखण्याचे वर्णन केले आणि घड्याळाचा घट्ट पट्टा हे त्याचे एक परिचित कारण आहे. मधुमेह असलेल्यांच्या नसा आधीच हळव्या असतात. त्यांनी विशेष जपावे. अशा रुग्णाला गोळ्यांआधी पट्टा सैल करायला सांगावे लागते.

वृद्धांची त्वचा कागदासारखी पातळ झालेली असते. रक्त पातळ करणारी औषधे किंवा दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्यांच्या हातावर जरा घासले तरी जांभळे डाग उमटतात. त्यांना स्टीलच्या कडांपेक्षा मऊ कापडी किंवा रबरी पट्टा बरा. स्टीलमध्ये निकेल असते. बहुतेकांना त्याचा त्रास होत नाही, परंतु ज्यांना खोट्या दागिन्यांनी कान चिघळतात, त्यांनी पट्ट्याखाली खाज किंवा पुरळ येते का, हे पाहावे. पुष्कळदा दोष धातूचा नसून कड्यांत साठलेल्या घामाचा आणि साबणाचा असतो. मऊ ब्रशने पट्टा धुऊन कोरडा केला की खाज थांबते. ज्यांच्या हातात डायलिसिससाठी फिस्टुला केलेला आहे, त्यांनी त्या हातात घड्याळ घालूच नये. स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत काखेतील गाठी काढल्या असतील, तर त्या बाजूच्या हातातही घट्ट पट्टा किंवा बांगड्या नकोत. आणि पेसमेकर बसवलेल्यांनी चुंबकाने मिटणारा पट्टा छातीजवळ आणू नये.

आता मूळ गोष्टीकडे येतो. मार्चच्या अखेरीस कोल्हापुरात ऊन तापू लागले. हिशेबाने आबांचा पट्टा आता घट्ट व्हायला हवा होता. एका सकाळी ते वर्तमानपत्र वाचत होते आणि पान उलटण्यासाठी हात उचलला, तसे घड्याळ घरंगळत निम्म्या हातापर्यंत गेले. मी काही न बोलता कुलपातील पिन शेवटच्या छिद्रात सरकवली. तरीही पट्टा खुळखुळतच राहिला. हिवाळ्यात बेताचा बसणारा पट्टा उन्हाळ्यात सैल होतो, याचा अर्थ एकच होता. मी त्यांना दवाखान्यातल्या काट्यावर उभे केले. नोव्हेंबरात अठ्ठावन्न किलो भरलेले आबा साडेत्रेपन्न किलोवर आले होते.

“वय झालं की माणूस वाळतोच की रे,” ते म्हणाले. हे वाक्य मी रुग्णांच्या तोंडून अगणित वेळा ऐकले आहे आणि ते मान्य करायचे नाही, हे मला ठाऊक आहे. कोणताही प्रयत्न न करता सहा ते बारा महिन्यांत वजन पाच टक्क्यांहून अधिक घटले, म्हणजे साठ किलोच्या माणसाचे तीन किलोंनी कमी झाले, तर त्याचे कारण शोधलेच पाहिजे. अनियंत्रित मधुमेह, क्षयरोग, कर्करोग, खिन्नता, स्मृतिभ्रंश, गिळण्याचा त्रास, भूक मारणारी औषधे, अशी कारणांची यादी लांब असते. आबांच्या बाबतीत मला पहिली शंका थायरॉइडच्या गोळीची आली. तिची मात्रा जास्त झाली तरी वजन घटते. तो तपास ठीक आला. साखर, हिमोग्लोबिन, छातीचा फोटो, पोटाची सोनोग्राफी, सारे व्यवस्थित. ते आठ दिवस घरात कुणी मोठ्याने बोलत नव्हते.

कारण सापडले ते जेवणाच्या ताटात. आबांची खालची कवळी सैल झाली होती. भाकरी चावताना ती उचलली जाई आणि हिरडीला बोचे. म्हणून त्यांनी आधी भाकरी सोडली, मग उसळ, मग मटण. दुपारी घरात कुणी नसे. आई गेल्यापासून त्यांचे ते जेवण एकट्याचे. दूध-भातावर भागते, हे कुणाला सांगायची त्यांना गरज वाटली नव्हती. दाताच्या डॉक्टरांनी कवळीला आतून नवे अस्तर दिले. दुपारचे ताट शेजारच्या सोबत्याबरोबर मांडले जाऊ लागले. पांढऱ्या रश्शात कुस्करलेली मऊ भाकरी, अंडे, पिठले, दाट ताक, मुगाची आमटी, असे थोडे थोडे पण दिवसातून पाच वेळा सुरू झाले. जोडीला पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलण्याचा हलका व्यायाम. कारण वजनाबरोबर स्नायूही गेलेला असतो आणि नुसत्या खाण्याने तो परत येत नाही. तीन महिन्यांत दोन किलो वजन वाढले.

घरात वृद्ध असलेल्यांना माझी एक विनंती आहे. महिन्यातून एकदा, ठरलेल्या तारखेला त्यांचे वजन करा आणि ते दिनदर्शिकेवर लिहून ठेवा. काट्याची जागा घड्याळ घेऊ शकत नाही. परंतु काटा महिन्यातून एकदा बोलतो. घड्याळ, बांगड्या, अंगठी आणि कमरेचा पट्टा रोज बोलतात. वस्तू सैल झाली तर ताटाकडे, दातांकडे आणि मनाकडे पाहा. दोन्ही हातांत किंवा पायांत एकदम घट्ट वाटू लागली, दाबल्यावर खळगा पडू लागला, धाप लागू लागली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. एकाच हाताला अचानक सूज आली तरीही थांबू नका. घड्याळ आणि अंगठ्या मात्र लगेच काढून ठेवा, कारण सूज वाढल्यावर अंगठी कापावी लागते. आणि काढलेल्या कड्या कधी फेकू नका. माणूस पुन्हा भरून येतो. तेव्हा त्यांची गरज लागते.