बाईंचं देणं

कॅन्ससमधल्या मॅनहॅटनला आम्ही २००४ साली राहायला आलो. सगळी गल्ली कातरलेल्या हिरवळीची, आणि शेजारच्या बाईंच्या दारात मात्र कमरेएवढं रान. जूनमध्ये त्यात भगवी फुलं आली. मी कुंपणाशी जाऊन एक पान खुडलं आणि चीक अंगावर उडू नये म्हणून हात लांब धरला. चीक आलाच नाही. पण फुलाची ती पाच पाकळ्यांवर मुकुट ठेवल्यासारखी घडण मी ओळखली. म्हटलं, ही तर आमच्या रुईची कुणीतरी लागते.

बाई शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. परवानगीशिवाय पान खुडलं म्हणून बोलणी बसतील असं वाटलं होतं, तर त्या रुईबद्दलच खोदून विचारत बसल्या. मग मी सांगोल्याकडची सांगितली: बांधावरची, दुष्काळात सगळं करपलं तरी तग धरणारी, शनिवारी मारुतीच्या गळ्यात पडणारी. तिच्या पानांवरच्या पट्टेरी अळ्याही सांगितल्या. बाईंनी पुस्तक काढून दाखवलं: रुईवरचं आमचं प्लेन टायगर फुलपाखरू आणि इथल्या मिल्कवीडवरचं मोनार्क, दोघांचं शास्त्रीय नाव 'डॅनॉस'पासूनच सुरू होतं. सातासमुद्रापार आलेल्या मला त्या दुपारी नातेवाईक भेटले.

मी एक रोप मागितलं. बाईंनी साफ नकार दिला. त्या भगव्या फुलांच्या झाडाचं, म्हणजे बटरफ्लाय मिल्कवीडचं, मूळ गाजरासारखं जाड आणि सरळ खोल जाणारं. जुनं झाड उकरायला गेलं की ते तुटतं आणि झाड बहुतेक जातंच. "रोप नाही, बी देते," म्हणाल्या. ऑक्टोबरात कागदाच्या पाकिटात ते आलं. चपटं, तपकिरी, शेपटीला रेशमी झुबका. लहानपणी ज्या 'म्हाताऱ्या' फुंकत पळायचो, त्याच.

ते पेरणं म्हणजे वाट पाहणं. या बियांना आधी हिवाळा सोसावा लागतो. ओल्या वाळूत कालवून महिनाभर फ्रिजमध्ये, भाजीच्या कप्प्यात. नवऱ्याने वाळू फेकून देऊ नये म्हणून डब्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं. मग उंच कुंडी, बियांवर मातीचा अगदी पातळ थर, भरपूर ऊन, आणि रुजल्यावर पाणी बेताचं. चिखलात मूळ कुजतं. पहिल्या वर्षी वीतभर काडी आली. वरचं वाढणं थांबलेलं दिसतं तेव्हा झाड खाली काम करत असतं. दुसऱ्या वसंतात सगळी बाग फुटली तरी ते फुटलं नाही, आणि मी खुरपं घेऊन निघाले तर बाईंनी कुंपणापलीकडून हटकलं. हे झाड उशिरा उठतं म्हणाल्या. उठलंही, मे महिन्यात. फुलं तिसऱ्या वर्षी.

त्या मधल्या काळात बाई मला फ्लिंट हिल्सवर घेऊन गेल्या. उंच गवताची प्रेअरी मूळची जेवढी होती, त्यातली जेमतेम ४ टक्के उरली, आणि त्यातली बरीचशी इथे, कारण चुनखडीत गारगोटी भरलेल्या या टेकड्यांत नांगर चालला नाही. ज्या जमिनीला माझ्या वडिलांनी नुसतं 'माळ' म्हणून हात झटकले असते, तिच्यासाठी बाई गाडी थांबवायच्या.

एकदा त्यांनी लहानपणीची गोष्ट सांगितली. दुसऱ्या महायुद्धात जावा बेट जपानच्या हाती गेलं, तिथून येणारा कापोकचा कापूस बंद झाला, आणि जीवरक्षक जाकिटं भरायला मिल्कवीडच्या झुबक्यांची गरज पडली. मिशिगनमधल्या शाळकरी मुलांनी पोती भरभरून बोंडं वेचली. बाई त्यांतल्या एक. दोन पोत्यांत एका सैनिकाचं जाकीट व्हायचं. त्या काळापासून बोंड फुकट जाऊ द्यायची त्यांना सवयच नव्हती. उकलण्याआधी प्रत्येक बोंडाला त्या दोरा बांधून ठेवत.

२०११ मध्ये त्या लेकीकडे ओहायोला गेल्या. पुढच्याच उन्हाळ्यात कॅन्ससने भयानक दुष्काळ पाहिला. गल्लीतली हिरवळ वाळून पिवळी पडली, माझी भगवी फुलं टिकली. मी भरभरून पत्र लिहिलं, आभार मानले. उत्तर चार ओळींचं आलं: फुलांचं कौतुक पुरे, बोंडं किती धरली ते कळव, इतक्या फुलांतून मोजकीच धरतात. मोजून कळवलं, नऊ. त्यावर त्यांनी दोन मागितली, लेकीच्या अंगणासाठी. त्यांचं काहीतरी फेडायची संधी मिळाली म्हणून मी हरखले, तर पत्राच्या मागच्या बाजूला टपालखर्चाच्या दोन नोटा चिकटवलेल्या होत्या.