वेगळ्या वाटेचे लेकरू

लेकरू लहान असते तोवर त्याचे बोट धरून चालविता येते. ते मोठे झाले, की बोट सुटते. आणि मग आईबापांच्या हाती दोनच गोष्टी उरतात: प्रार्थना आणि घराचे उघडे दार. प्रार्थना आपण सहसा सोडीत नाही. दार मात्र रागाच्या भरात पुष्कळदा लावून घेतो.

आमच्या टिळकवाडीतील एका घरची हकीगत, त्या माउलीच्या व तिच्या यजमानांच्या अनुमतीने, येथे लिहितो. मुलगा इंजिनिअर झाला, पुण्यास चांगल्या पगाराची नोकरी लागली आणि तीन वर्षांनी ती सोडून तो चित्रे काढू लागला. भाड्याच्या खोलीत राहतो, हाताने रांधून खातो, लग्नाचा विषय काढू देत नाही. "भिंतीच रंगवायच्या होत्या, तर एवढे शिकविले कशाला, फादर?" असे वडील मला म्हणाले. त्यांनी मुलाशी बोलणे टाकले होते. आई त्यांच्या नकळत मुलास फोन करी. मुलाच्या गेलेल्या पगारापेक्षा या चोरून केलेल्या फोनचे मला अधिक वाईट वाटले.

अशा वेळी मला आंजेलो द फोन्सेका यांची आठवण होते. घाटापलीकडे, गोव्यातील सांत इस्तेव येथे १९०२ साली ते एका सधन घरात जन्मले. मुंबईस वैद्यकीचे शिक्षण घेत असता त्यांनी ते सोडले आणि चित्रकलेची वाट धरली. पुढे शांतिनिकेतनास जाऊन अवनींद्रनाथ टागोरांच्या हाताखाली शिकले. गोव्यात परतल्यावर त्यांनी पवित्र मरियेस लुगडे नेसवून आपल्या मातीतील आई म्हणून रंगविले. पुष्कळ श्रद्धाळू मंडळींना तो अधर्म वाटला. गाव सोडून ते पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहिले आणि १९६७ साली मरण येईपर्यंत येशूचे व मरियेचे चित्रण करीत राहिले. १९६३ साली व्हॅटिकन परिषदेने उपासनाविषयक दस्तऐवजात सांगितले, की ख्रिस्तसभेने कलेची कोणतीही एकच शैली आपली म्हणून मानलेली नाही. आज त्यांची अनेक चित्रे पर्वरीच्या झेवियर ऐतिहासिक संशोधन केंद्रात जतन केलेली आहेत.

याचा अर्थ, घर सोडणारा प्रत्येक मुलगा थोर चित्रकार होईल, असा नाही. बहुतेक सामान्यच राहतील. म्हणून आईबापांनी कीर्तीची वाट न पाहता निराळेच प्रश्न विचारावेत. तो कष्टाची भाकर खातो काय? कोणास फसवितो काय? दुबळ्याशी त्याचे वागणे कसे आहे? देवाला विसरला आहे काय? पाप असेल, तर प्रेमाने व स्पष्ट शब्दांत सांगावे. तो आईबापांचा धर्मच आहे. पण जे केवळ अपरिचित आहे, त्यास पाप म्हणू नये. "लोक काय म्हणतील" ही अकरावी आज्ञा सीनाय पर्वतावर दिलेली नाही.

मीही घर सोडले, लग्न केले नाही, वंश पुढे चालविला नाही. माझी आई रडली. परंतु गावाने हार घातले, बँड वाजविला, आणि त्या मानाने तिचे दुःख हलके झाले. ज्या आईच्या मुलासाठी बँड वाजत नाही, तिचे दुःख तेवढेच असते, आणि तिला सांत्वन कोणी देत नाही. ते देणे हे धर्मग्रामातील आपणां सर्वांचे काम आहे. मिस्सेनंतर अंगणात तिला टोचून प्रश्न विचारू नयेत.

बारा वर्षांचा येशू मंदिरात सापडला, तेव्हा त्याचे उत्तर मरिया व योसेफ यांना उमगले नाही. तरी मरियेने ते अंतःकरणात जपून ठेविले. न उमगलेले जपून ठेवणे, हीही श्रद्धाच आहे.

त्या वडिलांना मी एवढेच सांगितले, "त्याचे सर्व पसंत करू नका, पण या नाताळास त्याला स्वतः बोलवा." त्यांनी होकार दिला नाही, नकारही दिला नाही. वाचकहो, त्यांच्यासाठी आज रात्रीच्या जपमाळेत एक 'नमो मरिया' म्हणा.