काकांच्या मनगटातील गुणगुण

भोपाळचे महाराणा प्रताप नगर म्हणजे शिकवणी वर्गांची पेठ. पाठीवर दप्तरे घेतलेल्या विद्यार्थ्यांचे थवे तेथे सकाळपासून लोटत असतात. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही दोघे भावंडे तेथे राहिलो, ते मात्र शिकवणीसाठी नव्हे. तेथील आमच्या काकांची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली असून आठवड्यातून तीनदा, चार-चार तास, त्यांना डायलिसिस घ्यावे लागते. त्यांच्या सोबतीस जाण्याचे काम काकूंनी आमच्याकडे सोपविले होते.

काकांच्या डाव्या मनगटावर बोट ठेवले की आत भुंगा कोंडल्यासारखी गुणगुण जाणवते. तेथे रोहिणी व नीला शस्त्रक्रियेने जोडलेल्या आहेत. त्यामुळे नीला फुगते आणि सुई वारंवार टोचता येते. ही योजना न्यूयॉर्कच्या ब्रेशिया, सिमिनो इत्यादी डॉक्टरांनी १९६६ साली प्रसिद्ध केली. न्यूयॉर्कची युक्ती भोपाळच्या एका निवृत्त शिक्षकाच्या मनगटात सुखाने नांदते आहे, हे कळताच आम्ही त्या यंत्राचेही कूळ शोधू लागलो.

ते कूळ निघाले हॉलंडमधील काम्पेन या लहानशा गावचे. महायुद्ध चालू होते आणि देश जर्मनांच्या ताब्यात होता. विलेम कॉल्फ या तरुण डॉक्टराने पूर्वी २२ वर्षांच्या एका रुग्णास मूत्रपिंडे बिघडून मरताना पाहिले होते. ते दुःख त्याच्या मनातून गेले नव्हते. मांसाच्या पदार्थांना वेष्टन म्हणून वापरतात ती सेलोफेनची नळी त्याने लाकडी पट्ट्यांच्या पिंपाभोवती गुंडाळली, पिंप क्षारयुक्त पाण्यात फिरता ठेवला आणि १९४३ साली त्या नळीतून रुग्णाचे रक्त खेळविले. नळीच्या सूक्ष्म छिद्रांतून रक्तातील अनिष्ट द्रव्ये पाण्यात उतरत, रक्तपेशी मात्र आतच राहत. तत्त्व खरे होते. पण बहुतेक रुग्ण दगावत गेले. ठळक यश आले ते १९४५ च्या सप्टेंबरात, ६७ वर्षांच्या एका बाईंच्या रूपाने. मधली दोन वर्षे या माणसाने कशी काढली असतील, याचेच आम्हांस यंत्राहून अधिक नवल वाटते!

युद्ध संपल्यावर कॉल्फने आपली यंत्रे लंडन, न्यूयॉर्क, माँट्रियल येथे पाठवून दिली. बोस्टनच्या डॉक्टरांना तर आराखडेच दिले, आणि त्यांनी यंत्रात सुधारणा केल्या. १९६० साली मूत्रपिंडतज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली; २०१९ ते २०२१ या काळात तिचे अध्यक्ष भारताचे डॉ. विवेकानंद झा होते.

काकांचे खरे दुःख सुईचे नव्हे, तहानेचे. एका वेळच्या डायलिसिसला सुमारे १२० लिटर द्रावण लागते, आणि तळ्यांच्या या शहरात काकांना पाणी मात्र पेल्याने मोजून! "ही तहान कमी कशाने होईल, ते शोधा की," असे ते एकदा आम्हांस म्हणाले. आम्ही वाचू लागलो. द्रावणात सोडियम अधिक असल्यास तहान वाढते, कमी असल्यास रक्तदाब उतरण्याची भीती असते. नेमके प्रमाण किती ठेवावे यावर तज्ज्ञांचे एकमत नव्हते. म्हणून ऑस्ट्रेलियातील जॉर्ज इन्स्टिट्यूटच्या पुढाकाराने 'रिझॉल्व्ह' ही चाचणी सुरू झाली आणि तीत भारतासह अनेक देशांतील केंद्रे सहभागी झाली. एका केंद्राने सोडियम १३७ ठेवावयाचे, दुसऱ्याने १४०. कोणाच्या वाट्यास कोणता आकडा, हे डॉक्टरांच्या आवडीवर सोडलेले नव्हते. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ते ठरले.