शेवटची तपासणी कधी केली?

गेल्या जूनमध्ये आमच्या सोसायटीच्या महिलांच्या ग्रुपवर संदेश आला. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची लस, रविवारी क्लबहाउसमध्ये शिबिर, ४५ वर्षांपर्यंत सगळ्यांनी घ्या, एकच डोस पुरे, २००० रुपये. मी ३८ची, मुलगी १३ची. दोघींची नावं लगेच देऊन टाकली.

एक गोष्ट तेव्हा कुणालाच सांगितली नव्हती. वर्षभर मला दोन पाळ्यांच्या मध्येच डाग पडायचे. संबंधानंतर तर हमखास. रोज वसई रोडहून लोकलने दादरला नोकरीला जाते. डॉक्टरकडे जायचं आज-उद्या करत राहिले. खरं म्हणजे भीती वाटत होती. लस घेतली की हेही थांबेल, अशी मनाची समजूत घातली.

रविवारी धो धो पाऊस. एव्हरशाईन सिटीतल्या आमच्या रस्त्यावर घोट्याएवढं पाणी होतं. चपला हातात घेऊनच पोचलो. टेबलावर नाव, वय, फोन नंबर लिहून घेतला. मुलीचे २००० झाले. माझ्या वेळी टेबलावरची बाई म्हणाली, “मॅडम, ही पुण्याच्या सीरमची लस २६ वर्षांपर्यंतच. तुम्हाला परदेशी घ्यावी लागेल.” तिची किंमत कितीतरी पट जास्त. मागे रांग होती, ओळखीच्या बायका होत्या. नको म्हणायची लाज वाटली, पैसे भरले. डाग पडतात का, तपासणी झाली आहे का, हे कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

दोन दिवस दंड दुखला, बाकी काही नाही.

ऑगस्टमध्ये फोन आला, “दुसरा डोस कधी घेताय?” मी म्हटलं, “एकच होता ना?” तर म्हणे, “एका डोसचं लहान मुलींसाठी. तुम्हाला तीन.” मला रागच आला. पुढे कळलं की जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली एका डोसचा पर्याय ९ ते २० वर्षांच्या मुलींसाठी मान्य केला. संदेशात तेवढं वयच गळलं होतं.

रागारागातच मी एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे गेले. हिशेब मांडायला लागले, तर त्यांनी मध्येच विचारलं, “ते राहू द्या. तुमची शेवटची तपासणी कधी झाली?” मुलीच्या बाळंतपणानंतर कधीच नाही. मग डागांबद्दल विचारलं आणि मला रडू आलं. त्या म्हणाल्या, “लस पुढचा संसर्ग अडवते. आत असलेला घालवत नाही. डाग पडतात तर आधी बघायला हवं.”

तपासणीची मला फार धास्ती होती. प्रत्यक्षात पाच मिनिटंही लागली नाहीत. आत उपकरण घालताना थोडं ताणल्यासारखं झालं. मग एक छोटा ब्रश फिरवला आणि तो औषधाच्या बाटलीत बुडवला. गर्भाशयाच्या तोंडाशी शेंगदाण्याएवढा पॉलिप होता. डाग त्याचे. तो काढून तपासायला पाठवला, साधा निघाला.

पण ब्रशने घेतलेल्या नमुन्याचा रिपोर्ट तसा नव्हता. पॅप, म्हणजे पेशींची तपासणी, नॉर्मल; पण एचपीव्ही, म्हणजे ज्या विषाणूमुळे हा कॅन्सर होतो तो, पॉझिटिव्ह. १६ आणि १८ हे प्रकार नव्हते. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपैकी सुमारे ७० टक्के या दोघांमुळे होतात, म्हणून तेवढा धीर. वर्षाने पुन्हा तपासायला सांगितलं.

त्या रात्री झोप लागली नाही. डोक्यात एकच, हा आला कुठून? नवऱ्याकडे बघवेना. तीन दिवस नीट बोलले नाही त्याच्याशी. चौथ्या दिवशी बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, “हा विषाणू बहुतेकांना कधी ना कधी होतो, बहुतेकांचा एक-दोन वर्षांत जातो. काहींमध्ये वर्षानुवर्षं गप्प राहतो. कधी, कुणाकडून, हे सांगताच येत नाही.” घरी जाऊन नवऱ्याला रिपोर्ट दाखवला. हे आधीच करायला हवं होतं.

बाईंनी एक माहिती दिली. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलच्या मदतीने ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखाहून जास्त बायकांचा अभ्यास झाला. २००९ साली निष्कर्ष आले. ज्या गटाची फक्त एकदा एचपीव्ही तपासणी झाली, तिथे या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. माझं माहेर तिकडचंच. मला हे ठाऊक नव्हतं.

राहिलेल्या दोन डोसचं काय? बाईंनी ‘घ्या’ही म्हटलं नाही, ‘नको’ही नाही. या वयात फायदा मुलींपेक्षा कमी, कारण काही प्रकार आधीच गाठून गेलेले असू शकतात. जे गाठलेले नाहीत त्यांच्यापासून संरक्षण मिळतं. लस घेतली तरी तपासण्या सुटत नाहीत. मी दोन दिवस विचार केला आणि डोस पूर्ण केले. नालासोपाऱ्याच्या माझ्या जाऊबाई ४२ वर्षांच्या. त्यांनी आधी तपासणी केली, निगेटिव्ह आली. त्यांनी लस न घेता पाच वर्षांनी पुन्हा तपासणी करायचं ठरवलं. मला त्यांचंही पटलं. मुलीच्या लशीबद्दल मात्र मला एकदाही शंका आली नाही.

गेल्या आठवड्यात ग्रुपवर तोच संदेश पुन्हा आला. मी खाली लिहिलं की तिशीपुढच्यांनी आधी तपासणी करा, किती डोस आणि कुठली लस ते विचारूनच पैसे भरा. दुपारी तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींचा फोन आला. आवाज अगदी हळू. “मलाही डाग पडतात. लस घेतली तर थांबतील ना?” शनिवारी मी त्यांच्याबरोबर जाणार आहे.